पाठीवर सॅक, समोर व्हिएतनाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूर कंपनीचा झेंडा न धरता व्हिएतनाम तीनदा पालथा घातल्यापासून मला ठरावीक प्रश्न येत राहतात. कधी ट्रेकवरून परतताना, कधी लग्नाच्या पंगतीत, बहुतेक वेळा रात्री अकरानंतर मोबाइलवर. तेच इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भाव मी गेले तेव्हाचे आहेत, त्यामुळे थोडे पुढेमागे धरा.

१. टूरशिवाय जमेल का? आम्हाला भाषेचा एक शब्द येत नाही.

जमेल. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी रात्री दीडला उतरून गावात पाठ टेकायला ओसरी शोधली असेल, तर व्हिएतनाम त्याहून सोपं आहे. भाषा अवघड आहे हे खरं. उत्तरेच्या बोलीत सहा सूर आहेत आणि सूर चुकला की शब्दच बदलतो. पण लिपी रोमन आहे, त्यामुळे पाट्या वाचता येतात, बसचं नाव जुळवता येतं आणि फोनवर टाईप करून भाषांतर दाखवता येतं. शहरांत हॉस्टेलची पोरं बऱ्यापैकी इंग्रजी बोलतात. डोंगरात खाणाखुणा, हसू आणि कॅल्क्युलेटर यांवर भागतं.

२. व्हिसाचं काय? एजंट पकडू का?

एजंटची गरज नाही. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. एकदाच प्रवेशाचा २५ अमेरिकी डॉलर, अनेक वेळा प्रवेशाचा ५०. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याचा पत्ता ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ने संपतो. शोधायला गेलात की त्याच्यासारखीच दिसणारी खासगी दुकानं आधी वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. मुदत तीन कामाच्या दिवसांची सांगतात, मी दोन आठवडे हाताशी ठेवते. फी परत मिळत नाही, म्हणून अर्ज सावकाश भरा. नावाचा घोळ हा वेगळाच विषय आहे, तो प्र. १८ मध्ये.

फू क्वोक बेटावर परदेशातून थेट उतरून तिथेच राहणार असाल, तर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण फक्त बेट पाहायला सॅक कशाला हवी?

३. दिवाळीच्या सुट्टीत जायचंय. हवा कशी असेल?

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. देश उत्तर-दक्षिण सुमारे १६५० किलोमीटर लांब आणि मधे चिंचोळा आहे. एका टोकाला स्वेटर तर दुसऱ्या टोकाला घामाच्या धारा, असं एकाच दिवशी असतं.

दिवाळीत उत्तरेला जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हनोईची हवा छान कोरडी होते आणि ‘हा झांग’ या भागातल्या डोंगरांत कुट्टूची गुलाबी फुलं येतात. आपण उपासाला ज्याचं पीठ खातो तेच हे झाड. मू कांग चायची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं पिवळी पाहायची असतील, तर मात्र दिवाळी उशीर. ती सप्टेंबरात किंवा फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, मग कापणी होते.

मधला पट्टा, म्हणजे ह्वे, दा नांग, होई आन, दिवाळीत टाळा. तिथला मोठा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर. आपला पावसाळा संपला की त्यांचा रंगात येतो आणि वादळंही याच काळात धडकतात. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ह्वेजवळच्या बाक मा डोंगरावर २४ तासांत १,७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता, त्यावरून अंदाज करा. होई आनच्या कंदिलांच्या गल्ल्यांतून त्या आठवड्यात होड्या फिरत होत्या. तरीही लोक दरवर्षी दिवाळीतच होई आनचं बुकिंग करतात, कारण फोटो फेब्रुवारीतले पाहिलेले असतात.

दक्षिणेत, म्हणजे हो ची मिन्ह सिटी (जुनं नाव सायगाव) आणि मेकाँग नदीच्या मुखाकडे, साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस. बहुतेकदा दुपारी तासभर कोसळतो आणि थांबतो.

४. आणि मे महिन्यात? मुलांना तेव्हाच सुट्टी असते.

मे महिन्यात उलटं. मधला किनारा कोरडा आणि समुद्र शांत असतो, तिकडे जा. हनोई तेव्हा नागपूरच्या उन्हाला कोकणचा घाम जोडल्यासारखं असतं.

५. दहा दिवसांत हनोईपासून सायगावपर्यंत सगळं होईल ना?

होईल. दहा दिवसांपैकी चार दिवस बस, रेल्वे आणि विमानतळांवर जातील एवढंच. ज्यांनी ज्यांनी असं केलं, त्यांच्या आठवणीत शहरांची नावं आहेत, जेवणाच्या चवी नाहीत.

दहा दिवस असतील तर देशाचा एकच तुकडा घ्या. उत्तर घ्यायची तर हनोई दोन दिवस, हा झांग चार, निन बिन्ह दोन, उरलेले दोन कात बा बेटाला (दोन्ही प्र. १३). मधला भाग घ्यायचा तर फॉन्ग न्याच्या गुहा तीन दिवस (प्र. १४), ह्वे दोन, होई आन चार, त्यातला एक ‘मी सोन’च्या जुन्या देवळांना (प्र. १५), आणि एक दिवस काहीही न करायला. हा ‘काहीही न करायचा’ दिवस यादीतून कापू नका. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर तासभर बसलात की शेजारची आजी आपल्या ताटलीतलं काहीतरी तुमच्याकडे सरकवतेच.

तीन आठवडे असतील तर दोन्ही तुकडे रेल्वेने जोडा (प्र. ८).

६. दिवसाला किती खर्च येतो?

विमान आणि व्हिसा सोडून, हॉस्टेलात राहून, रस्त्यावर खाऊन, माझा साधारण अडीच ते तीन हजार रुपयांत दिवस निघाला. डॉर्ममधला पलंग पाचशे ते आठशे रुपये, रस्त्यावरचं पोटभर जेवण दीडशे-दोनशे, कॉफी सत्तर ते शंभर. हा झांगची बाईकवरची फेरी (प्र. १७) वेगळी धरा. चालकासह तीन दिवस, राहणं-जेवण धरून, साधारण १२ ते १६ हजार. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी दोन्हीकडे थेट विमानं आहेत. एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून परतलात तर उलटा प्रवास वाचतो.

७. त्यांच्या नोटांवरची शून्यं पाहून गोंधळ होतो. काही युक्ती?

एक रुपयाला साधारण ३०० डोंग. म्हणून किमतीतली शेवटची दोन शून्यं काढा आणि तीनने भागा. ६०,००० डोंगांचं जेवण म्हणजे ६०० भागिले तीन, दोनशे रुपये. साधारण ३३ हजार रुपये बदललेत की तुम्ही करोडपती.

खरी भानगड रंगाची आहे. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळीच. रात्रीच्या टॅक्सीत साठ-सत्तर रुपयांच्या जागी सतराशे देऊन बसलेले दोघे तरी माझ्या ओळखीचे आहेत. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. पाट्यांवर शेवटची तीन शून्यं गाळून ‘५० के’ असं लिहितात, ते पन्नास हजार.

८. रेल्वे घ्यावी की स्लीपर बस?

माझं मत रेल्वे, आणि त्याला कारण आहे. हनोई ते सायगाव हा १७२६ किलोमीटरचा मार्ग फ्रेंचांच्या काळात १९३६ मध्ये पुरा झाला, युद्धात तुटला आणि १९७६ मध्ये पुन्हा जोडला गेला. आपल्याकडून जवळजवळ हद्दपार झालेली मीटरगेज तिथे आजही मुख्य लाइन आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तीस तासांहून जास्त लागतात. एका दमात जाऊ नका, तुकड्यांनी जा.

ह्वे ते दा नांग हा टप्पा दिवसा उजेडीच करायचा. हाय वान घाटात रूळ डोंगराच्या कुशीतून समुद्राच्या अगदी काठाने जातात. दक्षिणेकडे जाताना डावी खिडकी मागा. कसाऱ्याचा घाट आणि कोकण रेल्वे एकत्र केल्यासारखं वाटतं, फक्त खाली दरीऐवजी निळं पाणी.

स्लीपरमध्ये चार पलंगांचा ‘मऊ’ आणि सहा पलंगांचा ‘कडक’ असे दोन प्रकार. कडकमध्ये सगळ्यात वरचा पलंग घेऊ नका, उठून बसता येत नाही. डब्यात उकळतं पाणी फुकट मिळतं. घरून तयार पोह्यांची पाकिटं नेलीत तर सकाळचा प्रश्न सुटला.

स्लीपर बस स्वस्त असते आणि जिथे रूळ नाहीत तिथेही पोचते. चढताना बूट काढून पिशवीत घालायचे. पलंग त्यांच्या उंचीला बेतलेले, पावणेसहा फुटांवरचा माणूस त्यात घडी घालून झोपतो. पहाटे चारला अनोळखी गावात उतरवतात, म्हणून तिथल्या हॉस्टेलला आधी कळवून ठेवा.

९. आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

नाही. एक शब्द पाठ करा: ‘चाय’. आपला प्यायचा चाय नाही, त्यांच्याकडे शाकाहाराला चाय म्हणतात. आणि गंमत म्हणजे चहाला म्हणतात ‘चा’. म्हणजे ‘चाय’ मागितलात तर भाजी येते आणि अस्सल मराठी ‘चा’ मागितलात तर चहा. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी आहे. ‘क्वान चाय’ किंवा ‘कोम चाय’ लिहिलेली खानावळ दिसली की बिनधास्त आत जा, तिथे सगळंच शाकाहारी असतं. सूर चुकण्याची भीती असेल तर हेच वाक्य त्यांच्या लिपीत फोनवर ठेवा.

बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतात. म्हणजे कालनिर्णयात अमावास्या-पौर्णिमा पाहून जा. त्या दिवशी एरवी डुकराचं मांस विकणारी गाडीही चाय लावते. ह्वेमध्ये देवळांमुळे ही परंपरा सगळ्यात भक्कम आहे. शाकाहाऱ्याने दोन दिवस जास्त राहावं असं ते गाव.

चाय नसलेल्या खानावळीत मात्र ‘फक्त भाजी द्या’ म्हणून भागत नाही. परतलेल्या पालेभाजीतही न्युक माम पडतो. मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं हे पाणी त्यांच्या स्वयंपाकात आपल्या मिठाच्या जागी आहे. फो म्हणजे शेवयांचं सूप, त्याचं पाणी तर हाडं उकळूनच होतं, वर मांस घातलं नाही म्हणून ते शाकाहारी होत नाही. ‘खोंग न्युक माम’ म्हणा, खोंग म्हणजे नको.

चायच्या ताटात कोंबडीचा तुकडा किंवा अख्खा मासा दिसला तर किंचाळू नका. सोयाबीन, मश्रूम आणि टोफूपासून हुबेहूब आकार करतात. माझी आत्या पहिल्या दिवशी ताट ठेवून उठली होती.

१०. जैन जेवण? कांदा-लसूण चालत नाही.

अर्धी सोय आपोआप होते. देवळांशी जोडलेल्या चाय खानावळी कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. बटाटा, गाजर, तारो (अळूचा कंद) मात्र त्यांना चालतात. म्हणून कंदमुळं वेगळी सांगावी लागतात. टोफू, पालेभाजी, भात, भाजलेले शेंगदाणे-तीळ यांवर निभावतं. सोबत मेतकूट असू द्या. भात कुठेही मिळतो आणि त्यांचा भात मेतकुटाला छान धरतो.

११. मांसाहार चालतो, पण बीफ नको. कसं ओळखायचं?

पाच शब्द पुरेत. ‘बो’ म्हणजे बीफ, ‘गा’ म्हणजे कोंबडी, ‘का’ म्हणजे मासा. डुकराला दक्षिणेत ‘हेओ’ आणि उत्तरेत ‘लोन’ म्हणतात. फो दोन प्रकारचा, फो बो आणि फो गा. फो गाचं दुकान सहसा वेगळंच असतं, दोन्ही विकणाऱ्या दुकानात पातेल्यांची आणि पळ्यांची खात्री कोणी देत नाही.

१२. मग नेमकं खायचं काय?

हनोईत दुपारी बून चा: निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस, आंबटगोड पाणी, शेवया आणि टोपलीभर कच्चा पाला. होई आनमध्ये काव लाउ, या जाड शेवया त्या गावाबाहेर नीट जमत नाहीत असं गावकरी म्हणतात, आणि मला पटतं. सकाळी सोय, म्हणजे चिकट भात मूगडाळीसोबत. बान सेओ पिवळंजर्द असतं म्हणून लोक त्याला ऑम्लेट समजतात. ते अंड्याचं नाही. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळद. तव्यावर पीठ पडताना ‘सेओ’ असा चुर्र आवाज होतो, तेच नाव. मालवणकडच्या माणसाला घावन आठवल्याशिवाय राहत नाही. आत कोळंबी आणि डुकराचं मांस असतं, चाय खानावळीत मश्रूम. गोडाला चे: नारळाच्या दुधात मूग, चवळी, साबुदाणा, वर बर्फ. केळीच्या पानात वाफवलेलं, आत नारळाचं सारण भरलेलं बान इत दिसलं तर घ्याच. मोदकाचा लांबचा चुलतभाऊ आहे.

कॉफीत व्हिएतनाम ब्राझीलखालोखाल जगात दुसरा. दाणा बहुतेक रोबस्टा, कडक. पत्र्याच्या गाळणीतून थेंबथेंब पडते, खाली घट्ट गोड दूध. हनोईची अंड्याची कॉफी १९४६ च्या सुमारास दुधाच्या टंचाईतून जन्मली. पिवळा बलक फेटून वर साय केली. नुसतं ऐकून नाक मुरडू नका.

१३. हा लाँग बे की काही दुसरं?

‘हा लाँग’ ही खाडी सुंदर आहे, १९९४ पासून जागतिक वारशात आहे आणि बोटींनी भरलेली आहे. पाण्यातले तेच चुनखडीचे सुळके शांतपणे पाहायचे तर कात बा बेटावर राहून ‘लान हा’ या उपसागरात कयाक वल्हवा. २०२३ मध्ये कात बाचाही त्याच वारशात समावेश झाला. तिथले सोनेरी डोक्याचे लंगूर जगात दुसरीकडे कुठेही नाहीत आणि शंभरही उरलेले नाहीत. दिसले तर नशीब. पाण्यापेक्षा भातशेतीतले सुळके बघायचे असतील तर निन बिन्ह. ताम कॉकला बायका पायांनी वल्ही मारतात आणि हाताने विणकाम करतात.

१४. सोन दोंग गुहा पाहायची आहे. आपण आपलं जाऊ शकतो का?

नाही. जगातल्या या सगळ्यात मोठ्या गुहेत परवानगी असलेल्या एकाच संस्थेमार्फत जाता येतं. वर्षाला मोजकेच लोक, आणि माणशी सुमारे तीन हजार डॉलर. १९९०-९१ च्या सुमारास हो खान्ह या स्थानिक रहिवाशाला तिचं तोंड सापडलं, पुन्हा शोधायला वर्षं लागली आणि २००९ मध्ये ब्रिटिश गुहासंशोधकांनी मोजणी केली.

पण फॉन्ग न्याला जायचं टाळू नका. थिएन दुओंग म्हणजे स्वर्गगुहा ३१ किलोमीटर लांब आहे, त्यातला पहिला एक किलोमीटर लाकडी वाटेवरून कोणालाही पाहता येतो. सकाळी पहिल्या तासात गेलात तर पाण्याच्या थेंबांचा आवाज ऐकू येतो, नंतर फक्त भोंगे. जंगलवाटांवर पावसात जळवा असतात. भीमाशंकरच्या जुलैत फिरलेल्यांना सांगायला नको.

१५. तिथे हिंदू देवळं आहेत म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. देशाच्या मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर हजारएक वर्षं चंपा हे राज्य होतं. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मनाने मी सोनच्या खोऱ्यात शिवलिंग स्थापलं आणि त्याला आपल्या नावावरून भद्रेश्वर म्हटलं. पुढे तेराव्या शतकापर्यंत तिथे विटांची देवळं उठत राहिली. विटा अशा बसवल्या आहेत की सांध्यात चुना दिसत नाही. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत सगळ्यात मोठं देऊळ गेलं. गवतात आजही बॉम्बचे खड्डे आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं आणि २०२० मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. होई आनहून पहाटे निघा, नऊनंतर बसगाड्या येतात. मूर्ती मात्र बहुतेक दा नांगच्या चाम संग्रहालयात आहेत, तेही १९१९ पासून.

मी सोन पाहून लोक परततात आणि ‘संपली ती संस्कृती’ म्हणतात. ती संपलेली नाही. दक्षिणेत फान रांगजवळ चाम लोक आजही आहेत. त्यांच्यातल्या एका गटाला ‘बालामोन’ म्हणतात, ब्राह्मण या शब्दावरून. रेल्वे स्टेशनचं नावच थाप चाम, म्हणजे चाम मनोरा. जवळच्या टेकडीवरच्या पो क्लोंग गाराय देवळात मुखलिंगाची पूजा होते आणि शरदात काते सणाला देवाला वस्त्रं नेसवतात. बहुतेकांच्या आखणीत हे गाव नसतं. माझ्या मते मी सोनपेक्षाही हे पाहावं.

१६. व्हिएतनाममध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा नेमका कुठे आहे? हो ची मिन्ह यांच्या समाधीवर महाराजांचं नाव आहे ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. तीन फेऱ्यांत मला असा पुतळा कुठेही आढळला नाही. समाधीवर ‘महाराजांचा मावळा’ असं कोरलंय हा निरोप तुम्हालाही आला असेल. हनोईतल्या त्या इमारतीच्या दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढंच आहे, आणि आत त्यांचा देह जतन करून ठेवलेला आहे. दर्शन फक्त सकाळी, सोमवार-शुक्रवार बंद, खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

गनिमी कावा त्यांनी महाराजांकडून घेतला असंही निरोपांत असतं, पण तो त्यांच्याकडे आधीपासून होता. ल लोइ या सरदाराने १४१८ मध्ये लाम सोनच्या डोंगरांतून मिंग चिन्यांविरुद्ध लढा सुरू केला आणि १४२७ पर्यंत त्यांना घालवलं. महाराजांच्या जन्माआधी दोनशे वर्षं. त्याला देवाने तलवार दिली अशी दंतकथा आहे. विजयानंतर ती तळ्यातल्या कासवाने परत मागून घेतली, म्हणून हनोईच्या मधोमध असलेल्या तळ्याचं नाव होआन कीम, ‘परत केलेली तलवार’. भवानी तलवारीच्या गोष्टीवर वाढलेल्या माणसाने त्या तळ्याकाठी संध्याकाळी बसावं. खोट्या निरोपापेक्षा हे किती जवळचं वाटतं बघा.

१७. हा झांगला मी स्वतः बाईक चालवेन. भारतीय लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट दोन्ही आहे. चालेल ना?

चालणार नाही. आपलं आरटीओ देतं ते आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचं. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचं मानतो. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणून गाडी देईल, कारण नाक्यावर दंड तुम्ही भरणार आहात. दंड सोडा. परवान्याविना अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो, ही खरी भीती.

यावर उपाय सोपा. स्थानिक चालकाच्या मागे बसा, त्याला ‘ईझी रायडर’ म्हणतात. मी तसंच केलं आणि पस्तावले नाही. मा पी लेंग खिंडीत खाली न्यो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते तेव्हा तुमची नजर वळणावर नसून दरीत असावी. हा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात डोंगरी जमातींच्या हजारो तरुणांनी हाताने फोडला. शेवटच्या कड्यावर ते दोराला लटकून काम करत होते. फेरी तीन-चार दिवसांची, साडेतीनशेएक किलोमीटर. सीमेलगतच्या भागासाठी परदेशी प्रवाशांना परवाना लागतो, तो हॉस्टेलवाले काढून देतात. रविवारी म्याव वाकचा आठवडी बाजार गाठता येईल अशी तारीख निवडा.

मुक्काम ह्मोंग किंवा ताय जमातींच्या घरांत, माडीवर ओळीने गाद्या आणि मधे पडदे. शाकाहारी असाल तर आधल्या दिवशी कळवा, डोंगरात फोडणी डुकराच्या चरबीत असते. जेवताना मक्याची दारू पुढे येते. नको असेल तर पहिल्याच पेल्याला हसून नको म्हणा, दुसऱ्याला म्हणता येत नाही. आणि तुमचा चालक रात्री किती पितो यावर लक्ष ठेवा.

१८. पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे. ई-व्हिसात फक्त माझं नाव टाकलं. अडचण येईल?

येऊ शकते, आणि आपल्या लोकांची सर्वाधिक फजिती इथेच होते. आपल्या पद्धतीने पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. अर्जात दोन्ही, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने हवीत. फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यांच्याशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहा. चूक विमानतळावर सुधारत नाही. वेळ असेल तर नवा अर्ज करून पुन्हा फी भरणं हाच कमी त्रासाचा मार्ग. जन्मतारखेत दिवस आधी की महिना आधी, तेही बघा.

१९. मधेच चार दिवस लाओसला जाऊन परत यायचंय.

मग ५० डॉलरचाच व्हिसा काढा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा बाहेर पडताक्षणी संपतो, दिवस शिल्लक असले तरी. रस्त्याने सीमा ओलांडणार असाल तर ते नाकं ई-व्हिसाच्या यादीत आहे का हे आधी पाहा. डोंगरातली लहान नाकी बऱ्याचदा नसतात.

२०. हॉस्टेलचा पत्ता एका प्रांतात आणि नकाशा दुसराच प्रांत दाखवतो. फसवणूक आहे का?

नाही. १ जुलै २०२५ पासून त्यांनी ६३ प्रांतांचे ३४ केले. हा झांग आता कागदावर तुयेन क्वांगमध्ये आहे, होई आन दा नांगमध्ये, फॉन्ग न्या क्वांग चीमध्ये आणि फान रांग खान्ह होआमध्ये. बसवाले जुनीच नावं पुकारतात. गावाचं नाव जुळलं की पुरे.

२१. मुलगी एकटी जातेय. सुरक्षित आहे का?

मी तीनपैकी दोन वेळा एकटीच होते. रात्री दहाला हनोईच्या जुन्या भागात चालताना मागे वळून बघावं लागलं नाही, हे मी आपल्या किती शहरांबद्दल म्हणू शकेन? हो ची मिन्ह सिटीत मात्र दुचाकीवरून फोन आणि पर्स हिसकावतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानात शिरा. टॅक्सीसाठी अ‍ॅप वापरा, म्हणजे भावाची घासाघीस नाही आणि गाडीचा नंबर घरी पाठवता येतो. पोलिस ११३, रुग्णवाहिका ११५. भारताचा दूतावास हनोईत आणि वाणिज्य दूतावास हो ची मिन्ह सिटीत आहे.

२२. फेब्रुवारीत स्वस्त तिकीट मिळतंय. घेऊ का?

आधी ‘तेत’ कधी आहे ते पाहा. हे त्यांचं चांद्र नववर्ष, साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीपर्यंत कधीही येतं. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. आपली दिवाळी आणि कोकणातला गणपती एका आठवड्यात कोंबा, तेवढी गर्दी. अख्खा देश गावी जातो, रेल्वेची तिकिटं महिनाभर आधी संपतात, आणि मग तीन-चार दिवस खानावळी, दुकानं, कचेऱ्या बंद. व्हिसाचा अर्जही त्या सुट्टीत पडून राहतो. तिकीट काढूनच बसला असाल तर एकाच गावी मुक्काम ठोका, खाऊ भरून ठेवा, आणि होमस्टेच्या घरमालकाने जेवायला बोलावलं तर लाल पाकिटात थोड्या कोऱ्या नोटा घालून पोरांना द्या. वीस हजारांच्याच घातल्यात ना, एकदा बघून घ्या (प्र. ७).